देवघरातला डॉलर

नाण्यांचा नाद मला नोकरीत लागला. नवीन जालन्यात बँकेत होतो. सुट्टी झाली की ओळखीच्या सराफाकडे जाऊन बसायचं आणि मोडीत आलेल्या चांदीतून निजामाच्या काळातले रुपये निवडून घ्यायचे. बायको म्हणायची, "लोक चालता पैसा जमवतात, तुम्ही बाद झालेला." टपालानं परदेशी नाण्यांचं एक पुस्तकही मागवलं होतं. त्यातली चार पानं वाचून मी स्वतःला जाणकार समजू लागलो, हे कबूल केलेलं बरं.

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर पिंपळगाव रेणुकाईला काकूकडे गेलो. काकू चिंच लावून देव घासत बसली होती. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देवांचे टाक आमच्याकडे घरोघर असतात. तिच्या टाकांत एक जाड, गोल होता. त्यावर मोकळ्या केसांची बाई.

"ही आपली रेणुका. सासूबाईनं माझ्या वटीत घातल्ती," काकू म्हणाली.

मी हातात घेऊन पाहिलं. मागे पक्ष्याचे पुसट पंख, कडेला नखाला लागणारी इंग्रजी अक्षरं, सालातले फक्त 'सतरा' शिल्लक. अमेरिकेचा अगदी सुरुवातीचा चांदीचा डॉलर होता तो. इथं कसा आला, देव जाणे. दरवर्षीच्या चिंचेनं बाईचा चेहरा पार झिजला होता, तरी माझ्या दोन पगारांना तो भारी होता. तिथं गप्प बसावं की नाही? पण मी अक्कल पाजळली.

"काकू, ही देवी न्हाई. अमेरिकेचं नाणं हाय. घासून घासून किंमत घालवली तुम्ही सगळ्यांनी."

काकूचा हात थांबला. "बराबर पाह्यलं का तू?"

"बिलकुल."

तिनं नाणं धुतलं, पदरानं पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "मंग घिऊन जा. तुझ्या कामाचं हाय."

आणि मी घेतलं. जालन्यापर्यंत एसटीत दर थोड्या वेळानं खिसा चाचपत होतो.

घट बसले त्या दिवशी बायकोनं जेवता जेवता विचारलं, "काकू यंदा कुंकू कशाला लावतील?" स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. सराफाकडून रेणुकेचा नवा टाक करून घेतला आणि अष्टमीला डॉलर नि टाक दोन्ही घेऊन गेलो. देवघरात त्या जागी काकूनं सुपारी मांडली होती.

"चुकलो मी, काकू. तुझी देवी घे."

नवा टाक तिनं कपाळाला लावून सुपारीशेजारी ठेवला. डॉलरला मात्र हात लावला नाही.

"राहू दे तुझ्यापाशीच," ती शांतपणे म्हणाली. "पन्नास वर्षं तिच्याशी बोलत आले. आता तिच्याकडं पाह्यलं की नाणंच दिसून राह्यलंय."