ह्यांच्या विमानाला लहान इंजिन

आमचे हे, कुनिहारू, गेले. जन्मभर घरं रंगवायचं काम केलं, पण रविवार विमानांचा. किसो नदीकाठच्या मैदानात नवीन माणसांना रिमोटचं विमान उडवायला हेच शिकवायचे. शेवटचं शिकाऊ विमान आजारपणात बांधलं, त्याला इंजिन बसवायचं राहूनच गेलं.

आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे ह्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाची पूजा झाली आणि ह्यांचे मित्र तामोत्सु साठ नंबरचं मोठं इंजिन घेऊन आले. "वहिनी, कुनीचं विमान आहे, दणक्यात जाऊ दे!"

मी पार थकले होते. म्हटलं, "भावोजी, लहान, चाळीसचंच लावा. हे काय सांगायचे सगळ्यांना? मोठं इंजिन विमान पळवतं, अन् आपला हात मागं राहतो. दणका नको मला. ते धड परत यायला हवं. ह्यांच्या हातचं आता एवढंच उरलंय."

"म्हातारीच्या सायकलसारखं जाईल बघा," ते पुटपुटले, पण लावलं चाळीसचंच.

मैदानात भावोजींनी रिमोट हातात घेतला. विमान हळूहळू आकाशात दोन फेऱ्या फिरलं आणि गवतात अलगद टेकलं. पंखावर तेल उडालं होतं. दर रविवारी हे पुसायचे तसं मी फडक्यानं पुसलं आणि त्याला घरी घेऊन आले.