माकणीच्या बेटावर तंबू ठोकायला गेलो तेव्हा

तुळजापुरात आमचा युवा गट आहे. कॉलेजची मुलंमुली, आणि त्यांच्याबरोबर मी, शाळेत भूगोल शिकवणारी. उन्हाळ्यात एक रात्र तंबूत काढायची हे नक्की होतं. कुठं, ते एका मुलानं मोबाईलवर नकाशा मोठा करून दाखवलं. माकणीच्या धरणाचं पाणी उतरलं की एक लांबट बेट उघडं पडतं, काठाला समांतर, बांधासारखं. किनाऱ्यापुढं आडवी उभी राहून लाटा अंगावर झेलणारी वाळूची बेटं मी फळ्यावर कितीदा काढली होती. समुद्र इथून केवढा तरी लांब, आणि तसलंच बेट आपल्या जिल्ह्यात! मुलांपेक्षा मीच जास्त हरखले.

एका मुलीची आई मात्र ऐकेना. मंदिराच्या रस्त्यावर त्यांचं कवड्यांच्या माळांचं दुकान.

"मॅडम, रामलिंगाला न्या, डोंगरावर न्या. पाण्याच्या मधोमध पोरगी न्हाय पाठवायची मला."

"ताई, तुम्ही एकदा स्वतः बघा. मग नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही."

त्यांनी खरंच दुकान जावेवर सोपवलं आणि एप्रिलमधल्या एका सकाळी माझ्याबरोबर एसटीत बसल्या. माकणीला एका मच्छीमारानं आम्हाला होडीत घेतलं. ताईंनी लाइफ जॅकेट घट्ट आवळलं, दोन्ही हातांनी होडीची कड धरली आणि जे डोळे मिटले ते होडी बेटाला टेकल्यावरच उघडले.

बेटाच्या आतल्या बाजूला पाणी अगदी निवांत होतं. चार पावलं चढून पलीकडं गेलो तर वारा कानांत शिरायला लागला. मोकळ्या पाण्यावरून लाटा येत होत्या, खड्यांवर आपटत होत्या आणि तिथंच संपत होत्या. मुलांना हे दाखवायचंच, असं मनाशी म्हणत मी तंबूंना जागा शोधत भराभर चालले. ताई मागं होत्या. पाण्याकडं बघायची भीती वाटत होती म्हणून खाली मान घालून चालत होत्या.

"मॅडम! थांबा! पाऊल टाकू नका!"

मी जागच्या जागी थिजले. माझ्या चपलेपुढं, वीतभरावर, वाळूत एक उथळ खळगा होता आणि त्यात दोन अंडी. मातकट, तपकिरी ठिपक्यांची. गवताची काडीसुद्धा खाली नाही. नजर सरावली तशी पलीकडं आणखी दोन दिसली, मग आणखी. सगळं बेट अंड्यांनी भरलं होतं आणि मला मघापासून नुसते खडे दिसत होते.

तेवढ्यात आभाळ ओरडायला लागलं. राखी-पांढरे पक्षी, काळी टोपी, पिवळी धमक चोच, दुभंगलेली लांब शेपूट. नदी सुरय. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेले, आता थेट डोक्यावर झेपावत होते. केसांना वारा लागेल इतके जवळ. ताईंनी पदर डोक्यावर ओढला. पण वर बघतच राहिल्या.

आमच्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत आम्ही मागं फिरलो. होडी जराशी लांब गेली आणि पक्षी एकेक करून खाली उतरले. त्यातला एक पाण्यावर आला, पोट भिजवलं, परत गेला आणि अंड्यांवर बसला. मग दुसरा. तसंच.

"मामा, हे काय करतात?" मी होडीवाल्याला विचारलं.

"ऊन लई हाय ना. गार करत्यात."

त्या उघड्या वाळूवर झाड नव्हतं, आडोसा नव्हता, आणि पोटाच्या ओल्या पिसांवर सगळ्यांचे संसार चालले होते.

काठाला लागल्यावर ताई म्हणाल्या, "तंबू इथं अलीकडंच टाकू. तिथं न्हाय जायचं कुणी."

"म्हणजे मुलीला पाठवणार?"

"मी बी येणार. पोरं ऐकतील का तुमचं?"

मे महिन्यात आम्ही काठावर राहिलो. उजाडल्यावर दुर्बिणीतून बेट बघितलं तर वाळूच हलल्यासारखी वाटली. वाळूच्या रंगाची पिल्लं होती. मुलांनी रांग लावली होती. पण दुर्बीण ताईंकडं गेली, आणि त्या काही ती सोडायला तयार नव्हत्या.