साडभाऊंची बिनसीटची गाडी

गाडी ही कुठेतरी जाण्यासाठी असते, हा मानवजातीचा जुना समज माझ्या साडभाऊंनी एकट्याने मोडीत काढला आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्यात त्यांचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. दुकान आता मुलगा बघतो आणि हे घरी बसून, चुकलो, घरी उभं राहून एक मोटरसायकल बघतात. उभं राहून, कारण तिला सीट नाही. होती, पण ती त्यांनीच स्वतःच्या हाताने काढून माळ्यावर टाकली. झालं असं की मोबाइलवर कोणी परदेशी गृहस्थ शिडशिडीत, बिनसीटची गाडी घेऊन घराएवढ्या दगडावर चढताना त्यांना दिसला आणि त्या दिवसापासून आमचा माणूस हातचा गेला. या खेळाला ट्रायल म्हणतात. यात वेगाला काडीची किंमत नाही. दगडधोंड्यांवरून, नाल्या-ओढ्यांतून मुंगीच्या चालीने गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही, एवढाच नियम. पाय टेकला की गुण गेला. सगळा वेळ पाय ठेवायच्या दांड्यांवर उभंच राहायचं असल्यामुळे सीटची अडचणच होते. मी बसण्याचा शौकीन माणूस. नोकरीसुद्धा मी अत्यंत निष्ठेने बसूनच केली. मी विचारलं, "भाऊ, मग थकल्यावर काय करायचं?" तर म्हणाले, "थकल्यावर खुर्चीवर बसा नं बाप्पा, गाडीवर कायले बसता?"

असली गाडी अकोल्यात विकत मिळत नाही, म्हणून त्यांनी ती घडवली. एक जुनी टू-स्ट्रोक गाडी आणून तिच्या अंगावरचं जे जे काढता येईल ते काढलं. हेडलाइट गेला, इंडिकेटर गेले, आरसे गेले. एका लेथवाल्याकडून मागचं चेनचं दातेरी चाक ताटलीएवढं मोठं करून घेतलं, त्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये माझ्या चालीपेक्षाही हळू जाते. टायरमध्ये हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबलं तर खळी पडते. एकदा ते ही गाडी मला दाखवायला टेम्पोत घालून अमरावतीला घेऊन आले. आमच्या गल्लीत टेम्पो शिरेना, तेव्हा राजापेठेतल्या ऐन गर्दीत त्यांनी ती उतरवली आणि शेवटचा तुकडा उभ्याने चालवत आले. ट्यूशनचे क्लास नुकते सुटले होते. शे-दोनशे पोरं सायकली थांबवून पाहत उभी राहिली. चौकातल्या हवालदाराने शिट्टी मारली.

"काका, सीट चोरीले गेली काय?"

"नाई, घरी हाय."

"मंग तिले घरी ठेवून तुमी काहून फिरून राहिले?"

साडभाऊंनी त्याला गाडी बाजूला घेऊन तोल, वजन आणि चढ यांचं नातं समजावून सांगितलं. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, "तुमी ढकलत न्या काका, पण घरी जाऊन जरा बसून घ्या." आमच्या शेजारच्या आजोबांनी तर वेगळाच अर्थ काढला. एवढा प्रतिष्ठित माणूस गाडीवर बसत नाही म्हणजे त्याला बसताच येत नसणार, हे ताडून त्यांनी संध्याकाळी मूळव्याधीचं चूर्ण आणून दिलं. साडभाऊंनी ते आभार मानून ठेवून घेतलं आणि मला म्हणाले, "असू द्या, त्याची डबी चांगली हाय. नट ठेवाले होते."

अकोल्याच्या घरी ही गाडी पुढच्या खोलीत, दिवाण आणि फ्रीज यांच्यामध्ये उभी असते. घरी आलेला पाहुणा आधी गाडीला वळसा घालतो, मग पाणी पितो. रोज सकाळी साडभाऊ तिच्यावर चढून, इंजिन बंद ठेवून, पाय न टेकता जागच्या जागी तोल सांभाळत उभे राहतात आणि समोर टीव्हीवर बातम्या बघतात. माझी मेहुणी, जिला आम्ही ताई म्हणतो, त्याच वेळी केर काढते. ती म्हणते, "त्या गाडीचा एवढाच फायदा हाय. पाय उचला म्हनून सांगा नाई लागत." तोलाचं हे वेड त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की माझ्यासारखा साधा माणूस रिक्षातून उतरताना एक पाय खाली ठेवतो तेव्हाही त्यांच्या तोंडून "गेला एक गुण" असा हळहळता उद्गार बाहेर पडतो. मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि हे नवरदेवाची गाडी गतिरोधकावरून कशी जाते ते डोळे पुसत पुसत बघत होते.

पण गाडी चालवणं हा त्यांच्या आयुष्याचा फार थोडा भाग. खरा भाग दुरुस्तीचा. त्यांनी ताईचा मसाल्याचा डबा केव्हाच ताब्यात घेतला. जिऱ्याच्या वाटीत वायसर, मोहरीच्या वाटीत बेअरिंगच्या गोळ्या, हळदीच्या वाटीत कसल्याशा बारीक स्प्रिंगा. ताईने नवा डबा आणला, तो हुबेहूब तसाच निघाला आणि एका रविवारी आमच्या डोळ्यांदेखत वरणाच्या फोडणीत बेअरिंगच्या गोळ्या पडल्या. त्या तडतडेनात तेव्हा ताईला शंका आली. क्लचच्या प्लेटा ते ऑइलमध्ये भिजत घालतात, दह्याच्या पातेल्यात. त्या एकमेकींना चिकटल्या तर गाडी पहिल्या गिअरला बेडकासारखी उडी मारते. अशी ती एकदा फ्रीजवर जाऊन आदळली. फ्रीजच्या दाराला तेव्हापासून पोचा आहे आणि साडभाऊ त्याचा उल्लेख "क्लच जमायच्या आधीची गोष्ट" असा करतात. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन, ऑइल लावून ते दोरीवर वाळत घालतात. ताईने तो एकदा भांड्यांना वापरला आणि आठवडाभर त्या घरच्या चहावर इंद्रधनुष्य दिसत होतं. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र ते तारेने कधी साफ करत नाहीत, तार घातली की भोक मोठं होतं म्हणे. त्याला मऊ केस लागतो. तो त्यांनी माझ्या टूथब्रशातून घेतला, हे मला ब्रश टकला व्हायला लागल्यावर कळलं.

या सगळ्या संसाराचा केंद्रबिंदू होता शेंदूरजनाघाटचा एक नाला. तिथे साडभाऊंच्या व्याह्यांची, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. बागेमागच्या कोरड्या नाल्यात दगडांची एक चढण आहे आणि तिच्या मधोमध एक काळा, गोल, गुळगुळीत दगड आहे. साडभाऊंनी त्याचं नाव म्हैस ठेवलंय. नाल्याच्या तळापासून वरच्या बांधापर्यंत, म्हशीवरून, एकदाही पाय न टेकता जायचं, ही त्यांची आयुष्यातली एकमेव उरलेली इच्छा. माणसं मुलीच्या सासरी जाताना मिठाई नेतात, हे टेम्पोत मोटरसायकल नेतात. वाटेत अमरावतीला मला उचलतात. आणि दर वेळी एकच गोष्ट घडते. गाडी झोकात निघते, म्हशीवर चढते आणि तिच्या पाठीवर पोचली की घुर्र घुर्र करून बंद पडते. पाय टेकतो. साडभाऊ उतरतात, टाकीचं झाकण उघडून आत बघतात, "पेट्रोल तं हाय बुवा!" म्हणतात, झाकण लावतात, किक मारतात आणि गाडी लगेच चालू होते. पुन्हा तळाशी जायचं, पुन्हा म्हैस, पुन्हा घुर्र.

घरी मात्र ती कधीच बंद पडत नसे. घरी ती झाकण काढून ठेवलेल्या अवस्थेत तास-तास फटफटे, कारण साडभाऊ टॉर्च लावून टाकीत डोकावत बसलेले असत. त्यांनी प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर तीनदा उकलला. शेवटी ते एका निष्कर्षावर आले आणि मला म्हणाले, "पाव्हणे, तिले शेंदूरजन्याची हवा मानवून नाई राहिली. संत्र्याचा बहार तिले झोंबते." व्याह्यांना ते फार लागलं. त्यांच्या बागेच्या हवेला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बोलू लागला. किक मारणारा गुडघा तो. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की सांधा बदलायचा, आणि बदलल्यावर चालायचं, फिरायचं, पण दगडांवरून उड्या बंद. ऑपरेशनची तारीख ठरली. साडभाऊ तो फोटो बराच वेळ उजेडात धरून बघत होते. नंतर मला फोन केला तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, "त्याच्या आदल्या रविवारी जाऊ. एकडाव चढलो का मंग काय कापाचं ते कापू द्या." मला हसू आलं नाही.

त्या रविवारी ताईही आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा नाल्यात उतरली होती. व्याही बांधावर खुर्ची टाकून बसले होते, हवेची अब्रू पणाला लागल्यासारखे. गाडी निघाली, म्हशीवर चढली आणि घुर्र. साडभाऊ दोन्ही हातांनी गुडघा चोळत होते, म्हणून त्यांनी मला टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. मी फिरवलं आणि आतून 'सुस्स' असा आवाज आला; एरवी तो साडभाऊंच्या बडबडीत बुडून जात असावा. ताई म्हणाली, "काय व बाई, हे कुकरवानी काहून करते?"

साडभाऊ एकदम पुढे झाले. माझ्या हातातलं झाकण घेऊन त्यांनी उलटसुलट करून बघितलं. झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा शिरावी लागते, नाहीतर पेट्रोल खाली येतच नाही. ते भोक पुट्टीने बुजवलेलं होतं. आणि ते बुजवलं होतं स्वतः साडभाऊंनी! गाडी घरात आली त्या उन्हाळ्यात ताईच्या कुरडयांना पेट्रोलचा वास लागला होता. एकतर ही गाडी राहील नाहीतर कुरडया, असं ताई म्हणाली. साडभाऊंनी शांततेसाठी भोक बुजवलं, वास थांबला, संसार टिकला आणि ते साफ विसरून गेले. ताईच्या केसांतल्या आकड्याने त्यांनी ती पुट्टी कोरून काढली. व्याही बांधावरून ओरडले, "म्हंजे आमची हवा चांगली हाय नं?"

"एक नंबर हाय!" साडभाऊ म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडलेला होता. गाडीवर चढण्याऐवजी ते दगडावर टेकले आणि हळूच मला म्हणाले, "पाव्हणे, आता बंद नाई पडली तं?" इतकी वर्षं चूक गाडीची होती. आता नाल्यात एकच दुरुस्त न केलेली वस्तू उरली होती आणि ती त्यांच्या उजव्या पायात होती. मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी तो धरला.

मग ते उठले आणि गाडी पुन्हा तळाशी नेली. गाडी निघाली. म्हशीवर चढली, म्हशीवरून पलीकडे उतरली आणि तशीच बांधाकडे निघाली. तिचा आवाज एकसारखा होता, एकदाही अडखळली नाही. बांध हाताच्या अंतरावर आला, शेवटच्या दगडावर पुढचं चाक चढलं, आणि साडभाऊंचा उजवा गुडघा लटकन वाकला. पाय टेकला. गाडी त्यांच्याखाली फटफटत उभीच होती.

त्यांनी इंजिन बंद केलं, टाकीवर हात ठेवला आणि वळून आम्हाला मोठ्याने सांगितलं, "पाय माहा टेकला. तिची काई चूक नाई." हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की व्याही उठून टाळ्या वाजवू लागले. ताईने पदराने डोळे पुसले आणि धूर फार होतो म्हणून गाडीला दोन शिव्या दिल्या.

ऑपरेशन छान झालं. साडभाऊ वॉकर घेऊन चालू लागले. पण थोड्या दिवसांनी ताईचा मला फोन आला. ती सांगत होती की हे जेवतात, व्यायाम करतात, कोणाला काही म्हणत नाहीत, नुसते दिवाणावर पडून गाडीकडे बघत राहतात. गाडीत काही बिघाडच उरला नव्हता. मग म्हणाली, "तुमी एकडाव येऊन जा नं. तिचं काईतरी बिघडवून जा. मले त्यातलं समजत नाई."

मलाही समजत नाही, पण मी अकोल्याची बस धरली. दुपारी जेवणं झाल्यावर साडभाऊ दिवाणावर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन चोरपावलांनी गाडीपाशी गेलो. कुठला स्क्रू ढिला केला म्हणजे माणूस कामाला लागेल आणि गाडी मात्र कायमची मरणार नाही, याचा अंदाज घेत खाली बसलो. इंजिनाच्या तळाशी एक बरा दिसला. त्याच्यावर टोक टेकवलं तोच भिंतीकडून आवाज आला.

"तो नका ढिला करू, पाव्हणे. तेथलोक मले अजून वाकता येत नाई. वरचा करा."

मी वरचा केला.