मामांची मोटार आणि थोरले जावई

मोटारीखाली आडवं पडूनही पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर एक डाग न पाडता बाहेर येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवानं तो माझा साडू होता. मी नुसतं बॉनेट उघडलं तरी कोपरापर्यंत काळा होतो. रहिमतपूरच्या आमच्या सासुरवाडीत ते ‘थोरले’. मी धाकटा जावई, म्हणजे कुणी विचारलंच तर. थोरले जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझा हेवा मात्र अजून ठणठणीत आहे.

तासगावात त्यांचा बेदाण्याचा व्यापार. कुणाशीही बोलताना आधी त्याच्या तळहातावर खिशातले बेदाणे ठेवायचे, मग बोलायचं. त्यामुळे सासूबाई, शेजारीपाजारी, एसटीचे कंडक्टर, सगळे त्यांचे. मीही एकदा साताऱ्याहून कंदी पेढे नेऊन वाटून पाहिले. ज्यानं त्यानं विचारलं, “मुलगा झाला का?”

बिघडलेल्या गाडीपुढं उभे राहिले, की ते इंजिनाऐवजी माणसांची चौकशी करत. “गाडी आपल्या मनानं रुसत न्हाई. कुणीतरी कायतरी केल्यालं असतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते उगाचच माझ्याकडं बघून म्हटल्यासारखं वाटे.

नव्वद सालानंतरच्या एका दिवाळीत मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जाहीर केलं, “माझ्याच्यानं आता चालवणं व्हत न्हाई. जो जावई ही मोटार कोरेगावला नेऊन परत आणंल, त्यानं ती घिऊन जावी.” मोटार जुनी, आणि दसऱ्यापासून वाटेत बंद पडायची. जरा थांबलं की आपोआप सुरू. थोरल्यांच्या दारात जीप होती. माझ्याकडं स्कूटर, तीही आठवड्यातून दोनदा ढकलायची. मला ती मोटार फार हवी होती. मी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ करून घेतला, इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप तापू नये म्हणून त्यावर ओली फडकी ठेवली.

मी निघालो. पंच म्हणून मागच्या सीटवर थोरले. अर्ध्या वाटेत, उसाच्या कडेला, मोटार बसली. मी बॉनेटकडं धावलो.

“ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. दसऱ्याला हिकडं आलासा तवा गाडीला काय केलंसा?”

“काही नाही. धुतली, पूजा केली.”

“आनि?”

“आमच्या मंडळींना पेट्रोलच्या वासानं मळमळतं. म्हणून टाकीच्या झाकणाखाली दुधाची पिशवी घट्ट बसवली.”

थोरल्यांनी मागं जाऊन झाकण फिरवलं. सूंऽ करून आत वारं शिरलं.

“पेट्रोल खाली जाईल तसं झाकणाच्या भोकातनं वारं आत याया पायजे. तुमी बिचारीचं नरडंच आवळलंय.” पिशवी त्यांनी गुपचूप खिशात घातली. मोटार थेट कोरेगावला जाऊन आली.

घरी मी मान खाली घालून उभा. थोरले म्हणाले, “मामा, दोष पाव्हण्यांनीच काढला. किल्ली त्यांना द्या.” त्यांनी चुगली केली असती, तर निदान मला त्यांचा मनसोक्त राग तरी करता आला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून मी ऐटीत साताऱ्याकडं निघालो. वेस ओलांडताच ती म्हणाली, “दोष तुम्ही काढला होय? मला शिकवू नका. दाजींचंच काम ते.” मग दाजींचा हात, दाजींचा स्वभाव, दाजींनी ताईला कसं ठेवलंय... अजिंक्यतारा दिसू लागला तरी दाजी संपेनात. विषय बदलावा म्हणून मोटार एकदा तरी बंद पडू दे, अशी मी मनोमन प्रार्थना केली. थोरल्यांनी ती इतकी चोख करून ठेवली होती की वाटेत साधी खोकलीसुद्धा नाही.