चाकणचा घोडा आणि अणुइंधनाचा ताफा

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं सटकतं. चोर, दरोडेखोर, खुनी यांची प्रकरणं विसरलो, हे विसरता येत नाही. कारण यात चोर नव्हता, दरोडा नव्हता, आणि तरीही त्या दिवशी जे उघड्यावर पडलं होतं ते कुठल्याही चोराच्या हाती लागलं असतं.

मी तेव्हा चाकण भागातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. पुढे नोकरी लवकरच सोडली. 'निवृत्त अधिकारी' म्हणवून घेतलं की मित्र हसतात, म्हणतात, राव, तुझे केस तरी पिकू दे. हसू देत. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांची द्यायला हवीत त्यांची तर कायद्याने देता येत नाहीत.

दुपारची वेळ. सकाळच्या बंदोबस्तावरून आम्ही परतलो होतो. बंदोबस्त कसला, तर 'महत्त्वाचा ताफा जाणार आहे, चौक मोकळा ठेवा.' ताफ्यात काय आहे हे ठाण्यात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनाही नाही. विचारायचं नसतं. इतक्यात नियंत्रण कक्षातून निरोप आला. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी फोन करून ओरडत होते, अणुबॉम्ब चाकणमधून चाललाय आणि नकाशासकट आमच्या ग्रुपवर आलाय.

ठाणे अंमलदार हसला. "गेल्या आठवड्यात बिबट्या होता, आता बॉम्ब. या सोसायटीवाल्यांना कामं नाहीत का हो?"

मग आमच्या मोबाईलवर ते चित्र आलं आणि हसू बंद झालं. नकाशा, त्यावर आमच्याच हद्दीतला रस्ता, रस्त्यावर एक निळा बाण. बाणाशेजारी गाडीचा क्रमांक आणि मालाच्या जागी इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं: न्यूक्लिअर फ्युएल, पॉवर प्लांट.

सकाळी आम्ही ज्याच्यासाठी चौक मोकळा ठेवला, तेच हे. आम्हाला, वर्दीतल्या माणसांना, जे कळवलं नव्हतं ते पिंपळे सौदागरच्या ग्रुपवर फिरत होतं.

निरीक्षकांनी वर फोन लावला. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की वीजकेंद्रात एकदा वापरून झालेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरण्याजोगं करतात, आणि असं नव्याने घडवलेलं इंधन जाड पोलादी पिंपात बंद करून दुसऱ्या वीजकेंद्राकडे चाललेलं होतं. बॉम्ब नव्हे. पण कुणाच्या हाती लागू द्यायची वस्तूही नव्हे. वाट, वेळ, गाडी, सगळं गुप्त.

वरून हुकूम आला: पाळत ठेवणारी टोळी आहे, ज्याने चित्र टाकलं त्याला उचला. शासकीय गुपितांचा कायदा लावा.

'ज्याने' म्हणजे एक मुलगी निघाली. रहाटणीत वडिलांबरोबर राहणारी, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत डिस्पॅचला कामाला, नुकतीच पहिली शिफ्ट करून घरी आलेली. महिला अंमलदाराला घेऊन मी निघालो. निरीक्षक जिन्यापर्यंत मागे आले. "चौकशी-बिकशी इथे कर. तिथे फक्त उचल."

मी तसं केलं नाही. घरात बसूनच विचारायचं ठरवलं, कारण बाईमाणसाला सगळ्या इमारतीसमोर जीपमध्ये कोंबलं की ती निर्दोष सुटली तरी त्या इमारतीत आयुष्यभर आरोपीच राहते.

दोन खोल्यांचं घर. वडील पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त, युनियनमध्ये मुरलेला माणूस. दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता महिला अंमलदाराकडे पाहिलं.

"बाई आणलीत बरोबर. बरं केलंत. नाहीतर दारातूनच परत पाठवणार होतो. संविधान वाचलंय आम्ही, साहेब."

"बसू का, काका?"

"बसा. चहा देतो. चहाला कलम लागत नाही."

मुलगी समोर बसली. हात मांडीवर, एकमेकांत घट्ट. मी ठरलेल्या पद्धतीने सुरू केलं, आधी आवाज चढवून.

"हा नकाशा तुम्हाला कुणी दिला?"

"कुणी नाही, सर. रोजच येतो."

"रोज? अणुइंधनाच्या गाड्यांचा?"

"नाही हो सर! आमच्या बंपरच्या गाड्यांचा." ती चिडली, आणि चिडल्यावर तिचा आवाज सुटला. "आमचा माल मोठ्या प्लांटला जातो. तिकडे माल ठेवून घेत नाहीत, लागेल तसा लागेल तेव्हा मागवतात. गाडी उशिरा आली तर त्यांची लाइन थांबते आणि आमच्या साहेबांचं डोकं फिरतं. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याने एकच लिंक केलीय. उघडली की त्याच्या सगळ्या गाड्या नकाशावर दिसतात. ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर टाकलीय. आज माझी गाडी शोधत होते तर खाली ही दिसली."

"मग पोलिसांना कळवायचं सोडून सोसायट्यांच्या ग्रुपवर का टाकलंत?"

"आधी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, मॅडम, तुम्ही तुमच्या बंपरचं बघा. मग ग्रुपवर विचारलं. तो पाणी आणि रस्त्यांचा ग्रुप आहे, त्यात वकील आहेत, माजी अधिकारी आहेत. बघा काय लिहिलंय."

मी पाहिलं. चित्राखाली तिने लिहिलं होतं: 'ही गाडी अशी उघड दिसणं बरोबर नाही. हे तातडीने कुणाला कळवायचं, सांगाल का?' उत्तर कुणीच दिलं नव्हतं. वकिलांनी नाही, माजी अधिकाऱ्यांनी नाही. सगळ्यांनी चित्र तेवढं उचलून पुढे पाठवलं, प्रश्न मागे ठेवला. सेक्रेटरींनी आम्हाला पाठवलं तेही नुसतं चित्रच.

"पोलिसांना थेट का नाही?" मी पुन्हा विचारलं.

वडील चहा घेऊन आले होते. "तिने फोन केला असता तरी तुम्ही हीच गाडी घेऊन याच दारात आला असता. फरक काय, साहेब?"

मी चहाचा कप हातात घेतला. मी तिचा मोबाईल मागितला. तिने लिंक उघडून माझ्या हातात दिला.

बाण हलत होता.

सकाळचं चित्र नव्हतं ते. त्या क्षणाला, मी रहाटणीत चहाचा कप धरून बसलेलो असताना, तो ताफा चाकण सोडून पुढच्या रस्त्याला लागलेला मला दिसत होता. कुठे थांबला, किती वेगाने चाललाय, सगळं. आम्ही टोळी पकडायला आलो होतो आणि दार सताड उघडं होतं. हे बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

मी निरीक्षकांना फोन लावला. "साहेब, लिंक चालू आहे. आधी ती बंद करा."

"मुलीला घेऊन निघालास का?"

"साहेब, गाडी अजून दिसतेय."

"आधी मुलगी!"

मी फोन ठेवला आणि आमच्या एका जुन्या हवालदाराला थेट ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात पाठवलं. तो तिथे पोहोचला आणि मालकाला त्याने फोनवर दिलं. मालक चाकणजवळच्या गावचा शेतकरी, जमिनीवर कंपन्या आल्यावर ट्रेलर घेतलेले.

"साहेब, आमचं काय चुकलं? त्यांचा घोडा बंद पडला." ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्याकडे घोडा म्हणतात. "रस्त्यात उभे व्हते. म्हनले, अर्जंट घोडा पायजे. आमी दिला. देशाचं काम म्हनून दिला, हयगय न्हाई केली."

"आणि जीपीएस?"

"ते घोड्यालाच बसवल्यालं असतंय, ते कुटं जाणार? नवी खेप टाकल्याबिगर कॉम्प्युटर गाडी सोडत न्हाई, अन् मालाचं नाव टाकल्याबिगर खेप घेत न्हाई. हापिसातल्या पोराने विचारलं काय माल, त्यांच्यातल्या एकाने सांगितला, पोराने टाकला."

"लपवायला नको होतं का?"

"लपवायचं हाय असं कुनी बोललंच न्हाई ओ! उलट लिंक त्यांनीच मागून घेतली. ताफ्यातले एक साहेब त्यासाठीच घेतलेत आमच्या ग्रुपवर. ही लिंक टाकली तवा त्यांनी अंगठा दिलाय. बगा की."

मी मुलीच्या मोबाईलवर पाहिलं. खरंच होतं. ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर शेकड्याने माणसं: कंपन्यांचे डिस्पॅचवाले, ड्रायव्हर, क्रेनवाले, पंक्चरवाले, ढाबेवाले. त्या सगळ्यांसमोर 'ही आजची गाडी' अशी लिंक, आणि तिच्याखाली सुरक्षेसाठी नेमलेल्या माणसाचा पसंतीचा पिवळा अंगठा. छान, चालू द्या!

"आत्ताच्या आत्ता बंद करा," मी ओरडलो.

"सगळंच बंद करावं लागंल. एकाच पासवर्डवर हाय. कंपनीवाले आमाला खातील, साहेब."

"खाऊ देत."

मागून हवालदाराचा आवाज आला, "शेठ, बंद करताय का मी वायर उपटू?" थोड्या वेळाने मुलीच्या मोबाईलवरचा नकाशा कोरा झाला. महिला अंमलदाराने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

पण प्रकरण संपलं नव्हतं. निरीक्षकांचा पुन्हा फोन. वरच्यांना आरोपी हवा होता, आणि हाताशी एकच माणूस होता: माझ्यासमोर बसलेली ही मुलगी. खाली जीप उभी, जिन्यात शेजारी. तो कायदा लागला असता तर जामिनासाठी तिच्या वडिलांच्या चपला झिजल्या असत्या, आणि चाकणमध्ये तिला पुन्हा कुणी गेटमध्येही घेतलं नसतं.

मी म्हणालो, "साहेब, हिला आणतो. पण मग या ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी लिंक पाहिली त्या सगळ्यांना आणावं लागेल. सुरुवात अंगठा देणाऱ्या साहेबांपासून करू का? स्टेशन डायरीत तशी नोंद करून निघतो."

पलीकडे निरीक्षकांनी कुणालातरी दार लावायला सांगितलं. मग रुक्ष आवाजात, "साक्षीदार म्हणून जबाब घे आणि परत ये."

जबाब घेतला. तिने तो दोनदा वाचला, एक वाक्य बदलायला लावलं, मग सही केली. मी उठलो तर वडील दारात आडवे.

"साहेब, एक काम राहिलं. आत सगळं मिटलं, पण जिन्यात माणसं उभी आहेत. उद्या ती म्हणतील, पोलिसांशी काहीतरी सेटिंग झालं. त्यांच्यासमोर हिला काय ते सांगून जा."

मी जिन्यात उभा राहिलो, टोपी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मॅडम, तुम्ही कळवलंत म्हणून मोठा धोका टळला. पोलीस खात्यातर्फे आभार."

खात्याने मला असले आभार मानायचा अधिकार दिलेला नव्हता. त्याबद्दल पुढे माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. अंगठा देणाऱ्याकडे मागितला गेला का, ते मी आजवर विचारतोय.

वरच्या पायरीवरच्या एका काकूंनी खालच्या काकूंना विचारलं, "म्हणजे नेत नाहीयेत?"

"नाही हो. आभार मानले."

"अगंबाई! पोलिसांनी?"

त्या काकूंच्या आश्चर्यात माझ्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा जास्त शहाणपण होतं. गुपित बाहेर पडलं की आपली यंत्रणा आधी ते बघणाऱ्याला धरते, कारण तो सापडायला सोपा असतो. तो पळत नाही, तो चहा विचारतो. ज्याच्या हलगर्जीने ते फुटलं तो मात्र कार्यालयात, पंख्याखाली, सुरक्षित. अणुइंधन ज्या रस्त्याने जातं त्या रस्त्यावर माणसं राहतात, शिफ्टला जातात, मुलं शाळेत सोडतात. त्यांच्यापासून सगळं लपवायचं आणि ढाबेवाल्याला लिंक द्यायची, याला सुरक्षा म्हणत असतील तर त्या शब्दाला आधी अटक करायला हवी.

आम्ही जीपमध्ये बसलो. महिला अंमलदार मागे बसली होती. गाडी काळेवाडीकडे वळल्यावर म्हणाली, "साहेब, माझी बहीणपण चाकणला डिस्पॅचला आहे. तिला काय सांगू? असं काही दिसलं तर बोल, की गप्प बस?"

मी म्हणालो, बोल म्हणून सांगा. पण लगेच म्हणालो नाही. मध्ये एक अख्खा सिग्नल गेला.