खाली रहाड आहे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मुलापाशी नाही, सुनेपाशी नाही — रामकुंडावर दिवा सोडताना गोदामाईपाशीसुद्धा मी यातलं अवाक्षर काढलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असतात तरी या वयात माझं काय वाकडं करणार होतात?

आधी हसून घ्या. मी व्हिडिओ गेम खेळते. सुनेनं शिकवलं. ती ऑफिसचं काम आटोपून खेळायला बसायची आणि मी शेजारी लसूण सोलत टोमणे मारायची — अगं, त्या झुडपामागे कोणीतरी आहे, आंधळी आहेस का? शेवटी तिनं वैतागून ते यंत्र माझ्याच हातात दिलं. म्हणाली, "आई, आता तुम्हीच मरा." मी मेले. पुष्कळदा मेले. मग मरेनाशी झाले.

एक भलंमोठं जग आहे ते. जंगलं, दऱ्या, पडके किल्ले. ठिकठिकाणची माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असतात. त्यात मला आवडलेली गोष्ट एकच — वाटेत कुठेही पाटी रोवता येते. मागून येणाऱ्याला ती दिसते. 'पुढे दलदल आहे, डाव्या कडेनं या.' 'या म्हाताऱ्याकडून काही घेऊ नका, लबाड आहे.' पाटी कामाला आली की वाचणारा तिच्यापाशी एक पणती लावून पुढे जातो. माझ्या पाट्या मराठीत. माझं नाव तिथे द्राक्षबी — माहेर दिंडोरीचं, चहूकडे द्राक्षबागा, दुसरं काय सुचणार? माझ्या पाट्यांपाशी दिवाळी असायची. लोक मला मानायचे. घरी कोण मानतं हो?

पण मी फिरून फिरून दुसरीकडेच चाललेय. पाट्या चांगल्याच होत्या. एक सोडून.

ती एक समजायची तर तुम्हाला आधी एक वेडी मुलगी दाखवायला हवी. बावीस वर्षांची, नवी नवरी, डोक्यावरून पदर, कोणी काही सांगितलं की मान हलवणारी. नंदीबैल बरा, तो निदान गुबूगुबू ऐकून हलवतो. ती मी. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत मला बाईंची नोकरी मिळत होती. नुसतं जाऊन हो म्हणायचं होतं. घरात विचारायचं कसं, एवढाच प्रश्न. तेव्हा माझी नणंद, शालूवन्सं, माझ्याच वयाची, स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागली. "दादाला नको सांगूस. आधी आईला सांग. तिला मान दिला की ती विरघळते."

किती प्रेमानं सांगितलं! मी विरघळले, सासूबाई नाही. घरात चार दिवस भांडी आपटली. यांना कळलं तेव्हा सगळं मोडून झालं होतं. हे म्हणाले, मला आधी विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. आणि ती जागा? ती पुढच्याच महिन्यात शालूवन्संना मिळाली. लेकीनं नोकरी केलेली सासूबाईंना चालत होती, सुनेनं नाही, हे लेकीला चांगलं ठाऊक होतं. त्या जन्मभर 'बाई' झाल्या. मी वहिनी राहिले. त्या कॅम्पातच त्यांना दाजी भेटले, लष्करातल्या कचेरीतले, देवमाणूस. म्हणजे हिशेब केला तर नवरासुद्धा माझ्याच नोकरीवर मिळाला की नाही त्यांना?

मी भांडले का? छे. मी त्यांच्या लग्नात रुखवताचे लाडू वळले. मूर्ख मुलगी. लाडू चांगले झाले होते, हे आणखी वाईट.

तर अलीकडची गोष्ट. नाशकातच, द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि शालूवन्सं माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्याच्या आदल्या वर्षी दाजी गेले होते. बोलता बोलता कळलं — त्याही खेळतात. तोच खेळ. दाजींना अर्धांगवायू झाला तेव्हा मुलानं आणून दिला होता, चालता हात हलता राहावा म्हणून. दाजींनी त्या एका हातानं महिनोन् महिने काजवे गोळा केले, एक कंदील भरला आणि तो वन्संना दिला. खेळातच. आता त्या कंदील हातात धरूनच हिंडतात. "जिंकायचं कुणाला आहे गं," म्हणाल्या, "ते बरोबर असल्यासारखं वाटतं."

मी मान हलवली. सवयच ती.

मग त्यांनी ते सांगितलं. खेळातल्या एका काळ्या कड्यावर त्या अडकल्या होत्या, खाली नुसतं धुकं. पण काळजी नव्हती. "तिथे एक द्राक्षबी आहे. मराठीत पाट्या लिहिते. ती सांगेल तसं मी डोळे मिटून करते. तिची पाटी दिसली की उतरेन."

डोळे मिटून! तुम्ही असतात तर काय केलं असतंत? नका सांगू. मी काय केलं ते ऐका.

त्या खेळात उंचावरून पडलं तर माणूस पुन्हा जिवंत होतो, पण हातात असलेली वस्तू जाते. कायमची. हे मला ठाऊक होतं. आणि कड्याखाली धुक्यात नुसते दगड होते, हेही — मी तिथे आपटून पाहिलेलं होतं. शहाणं माणूस पाटी वाचून उडी मारत नाही. म्हणून मी अशी पाटी लिहिली की नाशिकचंच माणूस मारेल, आणि तेही जुन्या गावातलं, तिवंधा चौकाकडचं. 'खाली रहाड आहे. बिनधास्त धप्पा मारा.'

बाहेरच्यांना काय कळणार? आमच्याकडे रंगपंचमीला जमिनीत बुजवलेला रंगाचा हौद उघडतात, ती रहाड. वर्षभर माती, एक दिवस रंग. काठावरून खाली काय आहे ते दिसत नाही, तरी माणसं धाडदिशी अंग टाकतात. तोच धप्पा. रहाडीत उडी मारून कुणाचं वाईट होत नाही, हे आमच्या हाडांत मुरलेलं. शालूवन्संना तर त्यांच्या वडिलांनी लहानपणी बखोटीला धरून रहाडीत बुडवलं होतं. किती वेळा ऐकलाय तो किस्सा. रहाड म्हटल्यावर त्या थांबणार नव्हत्या. पाटी रोवताना मी गुणगुणत होते. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी हात पुसले, बसले, मग उचलला. मला नीट ऐकायचं होतं.

"वहिनी, माझा कंदील गेला गं."

मी म्हटलं, अरे देवा. कसा? त्यांनी सगळं सांगितलं — पाटी, धुकं, उडी. सांगताना मधेच थांबत होत्या. मी विचारलं, परत नाही का मिळत? मिळत नाही हे मला माहीत होतं. मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं. "नाही मिळत," त्या म्हणाल्या. गोड लागलं. चार दशकं आंबवलेलं होतं, गोड लागणारच. मला वाटलं, आता शिव्या घालतील द्राक्षबीला. मी वाट पाहत होते त्या शिव्यांची. त्या ऐकूनच माझं पोट भरायचं होतं.

मग म्हणाल्या, "ती तशी नाही गं. तिच्या नावानं कोणीतरी दुसऱ्यानंच लिहिलंय. तू खेळतेस ना सुनेबरोबर? भेटली कधी, तर सावध कर तिला."

"करते हो," मी म्हटलं.

शिव्या मिळाल्याच नाहीत. सूड अर्धपोटी राहिला, आणि राग आला तो त्यांचाच — इतकं कसं कुणी विश्वासून राहतं? संध्याकाळी मी ती पाटी काढून टाकली. पश्चात्ताप म्हणून नाही. काम झालं होतं. पाटीपाशी एक पणती होती. उडी मारण्याआधी त्यांनी ती लावली असणार.

मी अजून पाट्या लिहिते, खऱ्या. त्या अजून वाचतात, आणि रिकाम्या हातानं पुढे जातात. त्या मला अजून अगं-तुगं करतात, मी त्यांना अहो-जाहो.

गंमत अंगाशी आली, असं मी मनात पुष्कळदा घोळवून पाहिलं. जमत नाही. तो कंदील दाजींचा होता हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी त्या कड्यावर पाटी रोवली.