दोन मिनिटं मागे

काटेमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली; दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक काचेचं टेबल आणि डोळ्याला लावायचं भिंग. कामाला बसण्याआधी हात जोडायचे, तेवढं मात्र कधी चुकलं नाही. गिऱ्हाईक आटलं तेव्हा मामींनी त्यांना फोनवरच्या ‘टिकटिक मंडळा’त घातलं. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांचा नाद असलेली साठ-सत्तर माणसं तिथे फोटो टाकत, आणि मामा बघता बघता तिथले वैद्य झाले. देव कुणाचा मान कुठे ठेवील, सांगता येत नाही.

मंडळात एक निवृत्त कॅशिअरसाहेब होते. माणूस अतिशय नम्र. रोज सकाळी आठला आपल्या घड्याळाचा फोटो टाकायचे आणि खाली लिहायचे, ‘सर्व ज्येष्ठांना व मित्रांना सादर नमस्कार. आपला दिवस आनंदात जावो. कालच्या मार्गदर्शनाबद्दल मामांचा ऋणी आहे.’

फोन वाजला की मामा फोटो बघत, मग आपल्या भिंतीकडे, आणि लिहीत, ‘नमस्कार. दोन मिनिटं मागे आहे. लंबकाखालची चकती एक फेरा वर घ्या.’

दुसऱ्या दिवशी कॅशिअरसाहेब कळवत, ‘आज्ञेप्रमाणे केलं.’ आणि घड्याळ पुन्हा दोन मिनिटं मागेच!

मामा चक्रावले. घड्याळ सरळ टांगा म्हणाले, तेल घाला म्हणाले, चकती आणखी वर घ्या म्हणाले. दर वेळी ‘केलं’ असं उत्तर, आणि दर वेळी दोनच मिनिटं.

“अगं, मागे पडणारं घड्याळ रोज आणखी मागे पडतं,” ते मामींना सांगत. “हे दोन मिनिटांवर हटून बसलंय. असं घड्याळ मी जन्मात पाहिलं नाही.”

“तुमच्यासारखंच आहे म्हणा की,” मामी म्हणाल्या. पण मामा हसले नाहीत.

हात थरथरायला लागून वर्ष झालं होतं. हात गेले तरी डोकं शाबूत आहे, याच भरवशावर ते रोज दुकान उघडत होते. आता तेही गेलं असं त्यांनी मनात धरलं. एका रात्री जेवताना म्हणाले, “उद्या दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकतो. ज्याला साधं घड्याळ कळत नाही त्याने पाटी कशाला लावायची?”

त्याच रात्री मंडळाच्या प्रमुखाने नवा नियम काढला. हा दातांचा डॉक्टर. समोरचा माणूस तोंड उघडून गप्प बसतो, याची त्याला सवय. ‘उद्यापासून नमस्कार, शुभेच्छा, आभार बंद. फक्त घड्याळांबद्दल लिहा.’

सकाळी आठला फोन वाजला. नुसता फोटो. खाली अक्षर नाही.

“रागावले बघ,” मामा कसनुसे झाले. “रोज त्यांच्या घड्याळाला नावं ठेवतो मी. आज साधा नमस्कारसुद्धा नाही.”

“अहो, नियम आहे ना आता! वेळ तरी बघा.”

मामांनी फोटो पाहिला. भिंत पाहिली. भिंग लावून पुन्हा फोटो पाहिला. आठ म्हणजे आठ!

“हे कसं झालं? काल काही करायलासुद्धा सांगितलं नव्हतं.”

मामी म्हणाल्या, “ते आधी फोटो काढत असतील, मग एका बोटाने एवढं मोठं लिहीत असतील. दोन मिनिटं तर सहज जात असतील की.”

चाळीस वर्षांत मामांनी टेबलावरचं प्रत्येक घड्याळ समोर ठेवून त्याच क्षणी पारखलं होतं. फोटोतलं घड्याळ चालत नसतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी सगळ्यांदेखत लिहिलं, ‘कॅशिअरसाहेब, चूक माझी. तुमचं घड्याळ बरोबर आहे. चकती पूर्वीसारखी करून घ्या.’

उत्तर यायला बराच वेळ लागला. ‘मामा, क्षमा असावी. मी चकतीला हातच लावला नव्हता. घड्याळ बरोबर आहे हे ठाऊक होतं. पण तुम्ही इतक्या आपुलकीने सांगत होता, नाही कसं म्हणू?’

“म्हणजे महिनाभर खोटं बोलत होते?” मामांना हसावं की चिडावं कळेना. “चांगला माणूस आहे की वाईट गं हा?”

“मला काय विचारता? त्यांना लिहा.”

मामांनी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ‘सादर नमस्कार. नियम मोडतोय. उद्या तुमच्या नमस्काराची वाट बघीन, दोन मिनिटं धरून.’ एवढं लिहायला त्यांना चार मिनिटं लागली. मग मालकाकडे न्यायची म्हणून दाराशी काढून ठेवलेली किल्ली उचलली, आणि ते दुकान उघडायला गेले.